मनातला मेंढा

डोळे मिटून कल्पना कर, असं मी तुला सांगणार नाही. डोळे मिटलेस तर पुढचं वाचणार कोण? उघडेच ठेव, आणि माझ्याबरोबर चल.

समज, आजपासून वीसएक वर्षं उलटून गेली आहेत. गाड्या आवाज न करता धावतात, शेतांवर भिंगरीएवढी यंत्रं घिरट्या घालतात. पण माणदेशातला माळ अजून माळच आहे. सकाळचे सात वाजलेत. माळावर एक मोठी जाळी खुंट्यांना बांधून गोल उभी केली आहे. मेंढपाळ लोक तिला वाघर म्हणतात. वाघरीच्या आत सत्तर तरुण मेंढे दाटीवाटीनं उभे आहेत आणि भुकेनं बेंबें करताहेत. वाघरीबाहेर तीन माणसं आहेत. धुळाजी कोकरे, त्याची बायको मायाक्का, आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी बानू.

आज कळपाचा मेंढा निवडायचा आहे. सत्तरांतला एकच. पुढच्या वर्षीची सगळी कोकरं त्याची होणार, म्हणून निवड चुकून चालत नाही. तीन गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला सोळा आण्यांपैकी गुण द्यायचे: चाल, लोकर आणि पाठ. धुळाजी वर्षभर कळपामागं चाललेला, त्याला चालीचा क्रम तोंडपाठ. लोकरीचा क्रम मायाक्काच्या बोटांत. आणि पाठ किती सरळ, किती भरलेली, हे बानू लहानपणापासून हात फिरवून सांगायची.

"चालीला पयला, कानतुट्या," धुळाजी म्हणाला. "सोळा आणे."

बानूनं कानतुट्याला धरून आणलं. मायाक्कानं लोकरीत बोटं घातली. "चार आणे. नुसता काथ्या हाय."

"मग हा चार आण्याचा मेंढा," बानू म्हणाली.

हा त्यांचा नियम होता. मेंढा त्याच्या सगळ्यात कच्च्या गुणानं मोजायचा. चाल सोळा आणे आणि लोकर चार आणे असेल, तर मेंढा चार आण्याचाच. मायाक्का म्हणायची, "कोकरं बापाचं चांगलं तेवढंच उचलत न्हाईत गं, वाईट आधी उचलत्यात."

मग मायाक्कानं लोकरीचा पहिला सांगितला, बानूनं पाठीचा पहिला. त्यांनाही पकडून तिन्ही गुणांनी तपासलं. मग प्रत्येकाचा दुसरा, मग तिसरा. सहाव्या फेरीला 'भुऱ्या' नावाचा मेंढा हाती लागला. चाल तेरा आणे, लोकर बारा, पाठ चौदा. म्हणजे बारा आण्याचा.

आणखी दोन फेऱ्या झाल्या. धुळाजीनं सांगितलेला आठवा मेंढा चालीला बारा आणे होता.

"बास," मायाक्का म्हणाली. "भुऱ्याच."

"आगं, अजून चाळीसच्या वर हायेत! अजून दोन बघू," धुळाजी म्हणाला. तो दर वर्षी हेच म्हणायचा.

"कशाला? मनातला मेंढा बघा की."

हा मनातला मेंढा वाघरीत कुठंच नसतो. धुळाजीनं शेवटी सांगितलेली चाल, मायाक्कानं शेवटी सांगितलेली लोकर आणि बानूनं शेवटी सांगितलेली पाठ, अशा तीन तुकड्यांचा एक मेंढा मनात जुळवायचा. ज्यांचं नाव अजून कुणीच घेतलेलं नाही, त्यांच्यातला एकही कुठल्याच गुणात या मनातल्या मेंढ्याच्या पुढं जाऊ शकत नाही. कारण पुढं असता, तर त्याचं नाव आधीच आलं असतं! आता मनातल्या मेंढ्याची चाल बारा आण्यांवर उतरली, म्हणजे तो फार तर बारा आण्याचा. भुऱ्याही बारा आण्याचाच. मग उरलेल्यांत भुऱ्याहून चांगला कुठून येणार?

नीट कळलं नसेल तर थांब. पुन्हा एकदा वाच, मी इथंच आहे.

मायाक्कानं वाघरीची गाठ सोडली. मेंढे भसाभसा बाहेर पडले आणि गवताला लागले. गाठ सोडायचा मान तिचाच असायचा, कारण धुळाजीच्या हाती दिली असती, तर सत्तरच्या सत्तर मेंढे दुपारपर्यंत उपाशी राहिले असते.

त्यानंतर वर्षभरानं, लोकर कातरण्याच्या दिवसांत, मायाक्काच्या तळहाताला कातर लागली. जखम बोटभर. तिनं हळद दाबली आणि उरलेल्या चाळीस मेंढ्या कातरून काढल्या. आठव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. दहाव्या दिवशी ती जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात काचेपलीकडच्या खाटेवर होती, आणि तिला माणसं ओळखू येत नव्हती. बानूला निवासी शाळेतून आणलं होतं. ती काचेला कपाळ टेकवून उभी होती.

मायाक्काच्या रक्तात शिरलेला जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. आपण वर्षानुवर्षं गरज नसताना गोळ्या खाल्ल्या, जनावरांनाही चारल्या. जंतू त्यातून शिकत गेले. पण जंतूंचेही शत्रू असतात. जंतूहूनही कितीतरी पटींनी लहान असे विषाणू असतात, ते माणसाला हात लावत नाहीत, फक्त जंतूला खातात. नदीच्या गाळात, गोठ्यात, गटारात, चमचाभर पाण्यात ते लाखांनी सापडतात. आपण त्यांना भक्षक म्हणू. प्रत्येक भक्षकाचा जंतू ठरलेला. योग्य भक्षक सापडला, की तो जंतूच्या आत शिरतो, तिथं आपली पिल्लं वाढवतो आणि जंतू फुटतो.

त्या काळात देशभरातून गोळा केलेले, या जातीच्या जंतूला खाणारे अकरा लाख भक्षक जपून ठेवले होते. त्यांची मोजमापं इतकी अफाट झाली, की संगणकांत मावेनात. म्हणून ती डीएनएच्या धाग्यांवर लिहून इवल्याशा कुप्यांत भरली होती. निसर्ग आपल्या पेशींत असाच मजकूर लिहून ठेवतो, माणसानं त्याचीच लिपी उसनी घेतली. अशी तीन कोठारं होती. पुण्याच्या कोठारात भक्षकांना जंतू मारण्याच्या ताकदीचे गुण, नागपूरच्या कोठारात अंगातल्या तापात टिकण्याचे, आणि कोल्हापूरच्या कोठारात माणसाच्या शरीराला मानवण्याचे. शंभरपैकी गुण. कुप्या गुणांच्या क्रमानं मांडलेल्या, पहिल्या नंबरापासून शेवटापर्यंत. हवं तर एखाद्या ठरावीक भक्षकाचीही कुपी नेमकी काढता यायची.

सगळं छान, अडचण एकच. धागा विरघळवून वाचायचा, तर एका कुपीला तीन मिनिटं लागत. अकरा लाख कुप्या वाचायला एका कोठाराला सहा वर्षांहून जास्त वेळ लागला असता.

सकाळी आठ वाजता शोधकक्षातला तेजस उबाळे हातात पडद्याची पाटी घेऊन आला. डोळे लाल, शर्टाचं एक बटण चुकलेलं.

"मॅडम, तिन्ही कोठारांतले पहिले शंभर शंभर वाचून झाले. पाच तास लागले."

डॉक्टर रुबीना मणेर मायाक्कावर उपचार करत होत्या. त्यांनी विचारलं, "तिन्ही याद्यांत असलेले किती?"

तेजस पाटीकडंच बघत राहिला. "शून्य."

"एकही नाही?"

"जो जोरात मारतो, तो शरीराला मानवत नाही. जो मानवतो, तो नुसतीच गरीब गाय. पहिले हजार वाचायचे तर दोन दिवस लागतील."

"दोन दिवस नाहीत आपल्याकडे," डॉक्टर म्हणाल्या आणि धुळाजीकडे वळल्या. त्यांनी काही लपवलं नाही. "कोकरेदादा, मूत्रपिंडं थकलीत. संध्याकाळपर्यंत औषध टोचलं गेलं पाहिजे. भक्षक वाढवायला सहा तास लागतात. म्हणजे बारापर्यंत तो हातात हवा."

"आन न्हाय सापडला तर?"

डॉक्टरांनी काचेतून मायाक्काकडं पाहिलं. धुळाजीनं डोक्यावरचं मुंडासं काढलं, आणि काय करावं ते न कळून पुन्हा बांधायला घेतलं.

"ह्या तीनशेंपैकी एकेकाचे बाकीचे दोन गुण काढले तर?" डॉक्टरांनी तेजसला विचारलं.

"तेच मोजलं मॅडम. दहा तास. सहा वाजतील."

बानू काचेपासून मागं फिरली. तिला काहीतरी सुचलं होतं, पण ते मेंढरांचं होतं. शाळेत ती कुणालाच सांगायची नाही, की सुट्टीत ती मेंढरांमागं हिंडते. पहिल्याच वर्षी एका मुलीनं नाक दाबून दाखवलं होतं, तेव्हापासून. आणि इथं तर पांढरे कोट आणि काचेच्या भिंती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "हे भुऱ्यासारखंच हाय."

"गप गं. मोठी माणसं बोलत्यात."

बानूनं काचेतून आत पाहिलं. आईचा सुजलेला हात उशीवर ठेवला होता. वाघरीची गाठ सोडणारा हात.

"मॅडम," ती मोठ्यानं म्हणाली, "तीनशे बघायलाच लागणार न्हाईत. आम्ही मेंढा निवडतो ना, तेव्हा सगळे बघत न्हाई."

तेजसला हसू आलं. "मेंढा?"

"तुम्ही तिन्ही याद्यांत असलेला शोधताय. आमचा भुऱ्या चालीत पयल्या पाचात नव्हता. लोकरीत पण नव्हता. पाठीत सहावा होता. तरी सगळ्यात चांगला तोच."

डॉक्टर तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. "परत सांग. सावकाश."

बानूनं सांगितलं. नर्सबाईंच्या टेबलावरचा कागद ओढून तिनं तीन उभ्या ओळी मारल्या. प्रत्येक यादीतला पहिला घ्या. त्याचे बाकीचे दोन गुण विचारा. सगळ्यात कच्चा गुण तोच त्याचा भाव. मग दुसरा. मग तिसरा. आणि दर फेरीला खाली मनातला मेंढा लिहा.

"हा कोण आता?" तेजसनं विचारलं.

"तो नसतोच. पण कुठं थांबायचं ते तोच सांगतो."

तेजसनं कागद हातात घेतला. ओठ हलवत एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग त्याचं हसू गेलं. "मॅडम, हे बरोबर आहे. याद्या तर वाचून झाल्यातच, फक्त उलटतपासणी करायची. एका फेरीला सहा मिनिटं. बारापर्यंत पस्तीस फेऱ्या होतील."

"पस्तिसांत सापडेल?"

"ते मला माहीत नाही."

"कर," डॉक्टर म्हणाल्या.

साडेआठला पहिली फेरी सुरू झाली. शोधकक्षाच्या भिंतीवर आकडे उमटू लागले. जंतू मारण्यात पहिला आलेला भक्षक, अठ्ठ्याण्णव गुण. माणसाला मानवण्याचे गुण, बारा.

"बारा आण्याचा!" धुळाजी उठला.

"आबा, इथं सोळात न्हाईत, शंभरात हायेत."

"आसं व्हय," म्हणून तो खाली बसला.

तापात टिकण्यात पहिला, शहाण्णव. मारण्यात नऊ. मानवण्यात पहिला, नव्व्याण्णव. मारण्यात वीस. बानूनं कागदावर मनातला मेंढा लिहिला: अठ्ठ्याण्णव, शहाण्णव, नव्व्याण्णव. त्याचा कच्चा गुण शहाण्णव. हाती होता फक्त वीस गुणांचा भक्षक. केवढं अंतर!

नवव्या फेरीला हातातला एक्केचाळीसवर आला, मनातला मेंढा चौऱ्याऐंशीवर उतरला. एक चढत होता, एक उतरत होता. दोघं जिथं भेटतील, तिथं थांबायचं.

मध्येच काचेपलीकडे एक यंत्र शिट्टी वाजवू लागलं. डॉक्टर धावत आत गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "चालू ठेव," एवढंच म्हणाल्या.

सोळावी फेरी. तापात टिकण्याच्या यादीतला सोळावा, ऐंशी गुण. तेजसनं पुण्याला विचारलं. तीन मिनिटांनी उत्तर उमटलं. मारण्याचे, चौऱ्याहत्तर. कोल्हापूरचा आकडा आला. मानवण्याचे, सत्याहत्तर.

 मग तेजसनं टेबलावर मूठ आपटली. "चौऱ्याहत्तर! मॅडम, हा पहाटेपासून माझ्यासमोर होता! पुण्याच्या यादीतला शंभरावा पंच्याहत्तरवर आहे. हा एका गुणानं बाहेर राहिला आणि मी त्याला सोडून दिलं."

"सत्तरच्या वर असला तर चालतो," डॉक्टर म्हणाल्या. "पण यापेक्षा चांगला असेल तर? तिच्या अंगात आता एकाच औषधाची ताकद आहे. दुसरी संधी मिळायची नाही."

"मनातला मेंढा अजून ऐंशीवर हाय," बानू म्हणाली. "म्हणजे असू शकतो. थांबायचं न्हाई."

सतरा. अठरा. एकोणीस. कुणीच चौऱ्याहत्तरच्या वर गेला नाही. बावीसला मनातला मेंढा पंच्याहत्तरवर आला. तेविसाव्या फेरीला नागपूरच्या यादीतला आकडा उमटला: चौऱ्याहत्तर. त्या फेरीचे तिघे तपासून झाले, तिघेही कच्चे निघाले. बानूनं पेन्सिल खाली ठेवली.

"भेटले."

घड्याळात दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.

"अजून एक तास आहे," तेजस म्हणाला. "दहा-बारा फेऱ्या सहज होतील. बघायच्या?"

डॉक्टर आकड्यांकडे बघत होत्या. "हिशोबानं गरज नाही. पण एकोणसत्तरच भक्षक तपासले आपण. अकरा लाखांतले एकोणसत्तर!" त्यांनी धुळाजीकडे पाहिलं. "दादा, माणूस तुमचं आहे. थांबलो तर औषध एक तास आधी मिळेल, आणि आज त्या तासाला फार किंमत आहे. शोधत राहिलो, तर मनाचं समाधान होईल. काय करू?"

धुळाजी उठला. भिंतीवरच्या आकड्यांतलं त्याला सगळं कळलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि आयुष्यभराच्या सवयीनं शब्द बाहेर पडले, "अजून दोन..."

तो थांबला. त्यानं बानूकडं पाहिलं.  तिनं फक्त कागद पुढं केला. तीन उभ्या ओळी, आणि खाली तो नसलेला मेंढा.

"ह्याच्यापुढं कोन न्हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाय, आबा."

"बास," धुळाजी म्हणाला. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बास! हाच. सोडा गाठ."

गाठ म्हणजे काय ते डॉक्टरांना कळलं नाही. पण त्या धावल्या.

पाच वाजायच्या आत पहिलं इंजेक्शन टोचलं गेलं. ताप आधी चढला, तेव्हा धुळाजीनं बानूचा हात इतका घट्ट धरला की तिची बोटं पांढरी पडली. मग ताप उतरू लागला. एकशेचार, एकशेतीन, एकशेएक. दुसऱ्या दिवशी सकाळी मायाक्कानं डोळे उघडले, काचेपलीकडं उभ्या असलेल्या नवऱ्याकडं पाहिलं आणि काहीतरी पुटपुटली.

नर्सबाई बाहेर आल्या. "विचारताहेत, मेंढरं कुणाच्या भरवशावर टाकून आलात?"

धुळाजी हसायला लागला, आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला.

तेजसनं त्याच आठवड्यात तिन्ही कोठारांचा शोध नव्या पद्धतीनं बांधला. शोध कुठं थांबवायचा हे दाखवणारी रेघ आता भिंतीवर खाली खाली सरकते, आणि रेघेच्या टोकाला शिंगं वळलेला एक छोटासा मेंढा आहे. पहिल्या तीन महिन्यांत त्या मेंढ्यानं एकेचाळीस माणसांचा भक्षक वेळेत शोधून दिला. तेजसनं बानूला ते चित्र पाठवून विचारलं, "शिंगं बरोबर आहेत का?" बानूनं कळवलं, "शिंगं ठीक. पण लोकर चार आणे." ते चित्र तिनं वर्गातही दाखवलं. कुणाचा मेंढा, असं मुली विचारू लागल्या, तेव्हा म्हणाली, "आमचा."

आता पुन्हा त्या माळावर ये. सकाळचे सात वाजलेत, वाघर उभी आहे. यंदा आत ऐंशी मेंढे आहेत. मायाक्काच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत व्रण आहे, आणि तिची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. लोकर ती आता डाव्या हातानं तपासते, आणि डावा हातही तेवढाच कडक निघाला आहे.

अकराव्या फेरीला मनातला मेंढा आणि हातातला मेंढा भेटले.

"बास," मायाक्का म्हणाली.

धुळाजीनं वाघरीकडं पाहिलं. आत सत्तेचाळीस मेंढे अजून कुणी हातही न लावलेले. तो मान खाजवत म्हणाला, "तसं बास हाय. पण तो कोपऱ्यातला बघितलास का? अजून दोन..."

मायाक्का गाठीजवळ गेली. तिनं दोरी धरली, ओढली. दोन बोटं मिटली नाहीत, दोरी निसटली. तिनं पुन्हा धरली. पुन्हा निसटली. आत मेंढे भुकेनं ओरडत होते. मायाक्कानं दोरी सोडून दिली आणि लेकीकडं पाहिलं.

बानू पुढं झाली, आईच्या हाताखालची गाठ तिनं एका झटक्यात सोडली, आणि वाघर दोन्ही हातांनी उघडून धरली.